जैवविघटनशील मल्चिंग पेपर परवडतो का? हिशोब मांडायला शिकूया

मल्चिंग पेपरचा, म्हणजे तण दाबायला वाफ्यावर अंथरायच्या पातळ आच्छादनाचा, रोल घेताना बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: भाव काय? साध्या प्लास्टिक पेपरशेजारी जैवविघटनशील पेपर ठेवला, की भाव दुप्पट-तिप्पट दिसतो आणि विषय तिथेच मिटतो. मला हे दर वेळी खटकतं. प्लास्टिक पेपरचा खर्च रोल घेताना फक्त सुरू होतो. पीक निघाल्यावर वाफ्यावर वाकून तो पेपर उपसायचा, माती झटकायची, गुंडाळायचा, बांधावर आणायचा आणि कुठेतरी नेऊन टाकायचा, हा सगळा त्याच रोलचा खर्च. पण तो वहीत कुणी लिहीत नाही, कारण तोवर लक्ष पुढच्या पिकाकडे लागलेलं असतं. हा राहिलेला खर्च लिहून काढला, की काही शेतांत जैवविघटनशील पेपर सरळ फायद्याचा निघतो आणि काही शेतांत अजिबात निघत नाही. तुमचं शेत यातलं कुठलं, ते शोधायची रीत खाली देतो आहे. वही, तराजू आणि घड्याळ एवढं पुरे.

पायरी १: आधी रोलवर काय लिहिलंय ते वाचा

हिशोब करण्याआधी वस्तू खरी आहे का ते बघायला हवं, कारण या बाजारात सारख्या दिसणाऱ्या आणि अगदी वेगळ्या वागणाऱ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात.

जमिनीत खरोखर कुजणारे पेपर बहुधा पीबॅट नावाच्या पॉलिमरमध्ये स्टार्च किंवा पीएलए (वनस्पतींमधल्या साखरेपासून बनवलेलं प्लास्टिक) मिसळून बनवतात. मातीतले जिवाणू आणि बुरशी ते खातात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि त्या जिवाणूंचंच वस्तुमान उरतं. याची कसोटी युरोपच्या ईएन १७०३३ या २०१८ सालच्या मानकात दिली आहे: प्रयोगशाळेत, ठरावीक तापमानाच्या मातीत, पेपरमधल्या कार्बनपैकी किमान ९० टक्के भाग दोन वर्षांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलला पाहिजे. शिवाय झाडांवर, गांडुळांवर आणि मातीतल्या जिवाणूंवर वाईट परिणाम होता कामा नये आणि जड धातूंवरही मर्यादा आहे. २०२१ मध्ये आयएसओ २३५१७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. रोलवर किंवा त्याच्या कागदपत्रात यांपैकी एखाद्याचा उल्लेख मागा. ‘ओके बायोडिग्रेडेबल सॉइल’ हे प्रमाणचिन्हसुद्धा जमिनीत कुजण्याबद्दलचंच आहे.

‘कंपोस्ट होतो’ एवढंच लिहिलेलं मात्र पुरेसं नाही. ईएन १३४३२ हे मानक औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे आणि त्यातली चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. तुमच्या शेतातली माती तेवढी तापत नाही. निव्वळ पीएलएची वस्तू कंपोस्टच्या गरम ढिगात झटपट जाते आणि साध्या मातीत वर्षानुवर्षं रेंगाळते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. साध्या प्लास्टिकमध्ये रसायन घालून तो उन्हात तुकडे-तुकडे होईल असा केलेला असतो आणि ‘ऑक्सो’ या नावाने विकला जातो. तो दिसेनासा होतो, पण कुजत नाही. त्याचे बारीक कण मातीत राहतात. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा प्लास्टिकच्या विक्रीवर बंदी घातली. असा पेपर स्वस्तात मिळाला तरी त्याचा हिशोब करायच्या भानगडीत पडू नका.

सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर पेपर घेण्याआधी प्रमाणन संस्थेला लेखी विचारा. ‘जैवविघटनशील’ म्हणजे ‘वनस्पतीपासून बनवलेला’ असं नसतं. पीबॅट बहुतेक वेळा खनिज तेलातून येतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत अशा पेपरला २०१४ मध्ये जागा मिळाली, पण तो पूर्णपणे जैविक स्रोतातूनच बनलेला हवा, असं २०१५ मध्ये स्पष्ट करण्यात आलं आणि बाजारातले नेहमीचे पेपर त्या अटीत बसले नाहीत. एका रोलच्या हौसेपायी प्रमाणपत्र गेलं, तर ते नुकसान कुठल्याच रकान्यात मावणार नाही.

पायरी २: किलोचा भाव विसरा, क्षेत्रफळाचा भाव काढा

नवखा माणूस हमखास इथे चुकतो. पेपर वजनावर विकला जातो, पण आपण तो जमिनीवर अंथरतो. दोन्ही पेपरांची घनता वेगळी असते. साधा प्लास्टिक पेपर पॉलिथिनचा असतो. त्याची घनता घन सेंटीमीटरला ०.९२ ग्रॅमच्या आसपास असते, तर जैवविघटनशील पेपरची साधारण १.२५. म्हणजे जाडी सारखी असेल, तर एका किलोत जैवविघटनशील पेपर कमी जमीन झाकतो.

आकडेमोड सोपी आहे. एक चौरस मीटर पेपरचं ग्रॅममधलं वजन म्हणजे मायक्रॉनमधली जाडी (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गुणिले घनता.

२५ मायक्रॉन प्लास्टिक: २५ × ०.९२ = २३ ग्रॅम
२५ मायक्रॉन जैवविघटनशील: २५ × १.२५ = सुमारे ३१ ग्रॅम
१५ मायक्रॉन जैवविघटनशील: १५ × १.२५ = सुमारे १९ ग्रॅम

आता जाडी मध्ये येते. प्लास्टिकचा पेपर हंगामाच्या शेवटी अखंड ओढून काढायचा असतो, म्हणून तो जाड लागतो. चीनमध्ये तो इतका पातळ वापरला जायचा, की काढताना त्याच्या चिंध्या व्हायच्या आणि तुकडे शेतातच राहायचे. शेवटी २०१७ च्या राष्ट्रीय मानकात किमान जाडी १० मायक्रॉन ठरवावी लागली. जैवविघटनशील पेपर काढायचाच नसतो. त्याने पीक उभं असेपर्यंत टिकावं, एवढीच अपेक्षा. त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या पिकाला १५ मायक्रॉनच्या आसपासचा पेपर बऱ्याचदा पुरतो.

समजा, १,००० मीटर लांबीचे गादीवाफे आहेत आणि पेपरची रुंदी १.२ मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर पेपर लागेल. चलन कुठलंही असो, एक किलो प्लास्टिक पेपरच्या किमतीला ‘एक एकक’ म्हणू आणि जैवविघटनशील पेपर किलोमागे तिप्पट महाग धरू.

२५ मायक्रॉन प्लास्टिक लागेल २७.६ किलो. खर्च २७.६ एकक.
१५ मायक्रॉन जैवविघटनशील लागेल २२.५ किलो. खर्च ६७.५ एकक.

फरक तिप्पट नाही, अडीचपटीहून थोडा कमी आहे. पण २५ मायक्रॉनचाच जैवविघटनशील पेपर घेतला तर ३७.५ किलो लागेल, खर्च ११२.५ एककांवर जाईल आणि फरक चौपट होईल. विक्रेत्याने किलोचा भाव सांगितला, की लगेच जाडी आणि रुंदी विचारा आणि हा गुणाकार तिथेच करा.

आपल्या उदाहरणात जादा खर्च झाला ६७.५ वजा २७.६, म्हणजे सुमारे ४० एकक. आता हे ४० एकक कुठून भरून निघतात ते शोधायचं.

पायरी ३: प्लास्टिक काढायला किती लागतं ते स्वतः मोजा

या पायरीला वेळ द्या. ‘एका दिवसात उरकतं’ असं सगळे सांगतात. कुणी मोजलेलं नसतं.

सध्या प्लास्टिक पेपर वापरत असाल तर पीक संपल्यावर एका वाफ्याची ५० मीटर लांबी आखून घ्या आणि पहिल्या कामापासून घड्याळ लावा. आधी झाडं कापावी किंवा उपटावी लागतात, कारण मुळं पेपरच्या भोकातून अडकलेली असतात. मग ठिबकची लॅटरल, म्हणजे पेपरखालची पाण्याची नळी, ओढायची. त्यानंतर खरी झटापट: पेपरच्या दोन्ही कडा मातीत पुरलेल्या असतात, त्या मोकळ्या करायच्या. वरचा भाग हाताला सहज येतो, पण कड मातीने घट्ट धरलेली असते. ओढला की पेपर बरोबर त्या रेषेवर फाटतो आणि बोटभर रुंदीची पट्टी खाली राहते. ती कुदळीने किंवा खुरप्याने उकरावी लागते. माती ओली असेल तर पेपरला चिखल चिकटतो, फार कोरडी असेल तर कड निघत नाही. सगळे तुकडे गोळा होऊन गठ्ठा बांधावर पोचला, की घड्याळ थांबवा.

आता तो गठ्ठा तोला. ५० मीटर लांब, १.२ मीटर रुंद, २५ मायक्रॉनचा कोरा पेपर भरतो साधारण १.४ किलो. शेतातून निघालेला गठ्ठा सहज दुप्पट भरतो, कधी त्याहून जास्त; बाकीचं वजन माती, मुळं आणि ओल. टाकण्याचे पैसे वजनावर द्यावे लागत असतील तर तुम्ही मातीचेही पैसे देता. पुनर्वापर करणारे असा पेपर घ्यायला नाखूश असतात, त्याचं कारणही हीच माती.

मिळालेले तास २० ने गुणले की १,००० मीटरचे तास हाती येतील. त्यातून लॅटरल ओढण्याचा वेळ मात्र वजा करा, कारण ती जैवविघटनशील पेपरखालूनही काढावीच लागते. ‘हा पेपर वापरला की काढणीचं काम शून्य’ असं कुणी सांगितलं, तर लॅटरलचं काय हे विचारा.

जाळून टाकणं हा फुकटचा मार्ग धरून चालू नका. त्या धुराने माणसांना आणि जनावरांना त्रास होतो आणि पुष्कळ देशांत उघड्यावर प्लास्टिक जाळणं कायद्याने गुन्हा आहे. विल्हेवाटीचा खर्च म्हणजे रीतसर जागी नेऊन देण्याचा खर्च, असंच वहीत लिहा.

पायरी ४: चार रकाने

वहीचं एक पान उभं-आडवं दुमडा आणि चार रकाने करा. प्लास्टिकऐवजी जैवविघटनशील पेपर वापरल्याने *जे बदलतं* तेवढंच लिहायचं. बियाणं, खत, पाणी दोन्हीकडे सारखंच असेल तर त्याला इथे जागा नाही.

पहिल्या रकान्यात वाढलेला खर्च: पेपरच्या किमतीतला फरक, रोल दुरून मागवावा लागत असेल तर वाहतूक.

दुसऱ्यात वाचलेला खर्च: पेपर काढण्याची मजुरी, गठ्ठे नेण्याचं भाडं, टाकण्याचे पैसे.

तिसऱ्यात वाढलेलं उत्पन्न: शेत लवकर मोकळं होऊन पुढचं पीक वेळेवर लागलं तर त्याचा फायदा, एखादं अनुदान मिळत असेल तर ते.

चौथ्यात घटलेलं उत्पन्न: पेपर वेळेआधी फाटून तण माजलं, फळाची प्रत घसरली, तर होणारं नुकसान.

दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज पहिल्या आणि चौथ्याच्या बेरजेपेक्षा मोठी असेल तर पेपर परवडतो.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. १,००० मीटर पेपर काढायला ४ मजूर-दिवस (म्हणजे एका मजुराचं चार दिवसांचं काम) लागतात आणि नेण्या-टाकण्याला ६ एकक जातात, असं धरा. उत्पन्नात सध्या काही फरक नाही.

जिथे एका दिवसाची मजुरी ३ एकक आहे, तिथे वाचलेला खर्च १२ + ६ = १८. जादा खर्च ४०. म्हणजे २२ एकक तोटा.

जिथे मजुरी १० एकक आहे, तिथे वाचलेला खर्च ४० + ६ = ४६. म्हणजे ६ एकक फायदा.

पेपर तोच, पीक तेच, मोजणीही तीच, निकाल उलटा. समतोलाची मजुरी काढायची तर जादा खर्चातून विल्हेवाट वजा करा आणि मजूर-दिवसांनी भागा: (४० − ६) ÷ ४ = ८.५ एकक. तुमच्याकडची मजुरी याहून जास्त असेल तर पेपर विचारात घ्या. कमी असेल तर दुसरं काही कारण हवं. दुसऱ्याच्या शेतात परवडला म्हणून माझ्याकडेही परवडेल, हे गृहीत धरता येत नाही ते यामुळे.

एकाच प्लास्टिक पेपरवर लागोपाठ दोन पिकं घेत असाल तर हिशोब आणखी बदलतो. प्लास्टिकचा खर्च पिकामागे १३.८ एकक होतो, काढणी आणि विल्हेवाटही निम्मी होते. जैवविघटनशील पेपर मात्र दर पिकाला नवा लागतो. मग मजुरी १० एकक असलेल्या शेतातही पिकामागे जवळपास ३१ एकक तोटा दिसतो. पेपरवर दोन पिकं घेणाऱ्याला मी पैशाच्या आधारावर तरी हा पेपर घ्यायला सांगणार नाही.

पायरी ५: उत्पन्नाचा धोका तपासा

पेपर नीट टिकला तर उत्पन्न सहसा प्लास्टिकच्या बरोबरीचं येतं. अडचण त्या ‘टिकला तर’मध्ये आहे. समजा, आपल्या १,००० मीटर वाफ्यांतून १,००० एककांचा माल निघतो. दोन टक्के माल घटला तर २० एकक गेले, म्हणजे पेपरच्या किंमतफरकाचा निम्मा. महागड्या भाजीपाल्यात पेपरच्या भावापेक्षा हा धोका मोठा असतो.

पेपर पहिल्यांदा हार मानतो तो जिथे मातीत शिरतो त्या कडेवर. तिथे ओल आणि जिवाणू दोन्ही असतात. कड सुटली की वारा आत शिरतो आणि पेपर फडफडून फाटतो. पिकाची पानं लवकर पसरून वाफा झाकत असतील तर तोवर तण दबलेलं असतं आणि फारसं बिघडत नाही. कांद्यासारख्या, सावली न धरणाऱ्या पिकात मात्र फाटलेल्या जागेतून तण लगेच वर येतं आणि खुरपणीचा खर्च पुन्हा वहीत शिरतो.

भोपळा, कलिंगड, खरबूज अशी फळं पेपरवर टेकून वाढतात. पेपर मऊ पडू लागला की त्याचे तुकडे सालीला चिकटतात आणि पुसून लवकर निघत नाहीत. बाजारात फळाची प्रत तिथेच उतरते. ही पिकं घेत असाल तर चौथा रकाना रिकामा ठेवू नका.

लव्हाळ्याचा उपद्रव असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लव्हाळ्याचं टोकदार पान प्लास्टिकलाही भोसकून वर येतं आणि जैवविघटनशील पेपरलाही. जाड कागदाचं आच्छादन त्याला बऱ्यापैकी रोखतं. कागद अंथरायला जड, ओला झाला की फाटणारा आणि वाऱ्याला नाजूक आहे, पण लव्हाळ्याच्या शेतात खुरपणी एवढी वाचते, की त्याचे चार रकाने वेगळे मांडून बघायला हवेत.

पेंढा, वाळलेलं गवत, पालापाचोळा हीही कुजणारीच आच्छादनं. ती जवळ फुकट असतील तर खर्च उरतो तो वाहून आणण्याचा आणि पसरण्याचा. तण दाबायला सात ते दहा सेंटीमीटरचा थर लागतो आणि तेवढा माल जमवताना मोठ्या क्षेत्रावर दमछाक होते. पेंढ्याखालची माती थंड राहते. कडक उन्हाळ्यात ते वरदान, पण ज्या पिकाला गरम माती हवी ते मागे पडतं. पेंढा नंतर मातीत गाडला तर कुजताना काही काळ नत्र बांधला जातो, तेव्हा पुढच्या पिकाच्या खताचं गणित त्यानुसार करा.

पायरी ६: जे पैशात बसत नाही त्यालाही ओळ द्या

प्लास्टिक कितीही जपून काढलं तरी कडेच्या पट्ट्या आणि तुकडे मातीत राहतात. दर हंगामाला थोडे-थोडे. वर्षांनंतर ते पेरणीयंत्रात अडकतात, मुळांच्या आणि पाण्याच्या वाटेत येतात. या नुकसानीला या हंगामात किंमत लावता येत नाही, म्हणून बहुतेक जण तिथे शून्य लिहितात. मी शून्य लिहीत नाही. जमीन स्वतःची असेल आणि पुढेही तीच कसायची असेल, तर ‘हे टाळण्यासाठी मी हंगामाला किती द्यायला तयार आहे?’ असं स्वतःला विचारा आणि तो आकडा दुसऱ्या रकान्याखाली वेगळ्या शाईने लिहा. वेगळी शाई अशासाठी, की खरे पैसे कुठले आणि आपली निवड कुठली हे पुढे विसरायला होऊ नये. जमीन एका वर्षाच्या खंडाने घेतली असेल तर हा फायदा मालकाच्या वाट्याला जातो. तेव्हा खंड ठरवताना हा विषय काढायला संकोच करू नका.

जैवविघटनशील पेपरही जादूने नाहीसा होत नाही. थंड किंवा कोरड्या जमिनीत तो सावकाश कुजतो आणि पुढच्या हंगामातही तुकडे दिसू शकतात. मानकातली दोन वर्षं प्रयोगशाळेच्या तापमानातली आहेत, तुमच्या हिवाळ्यातली नाहीत.

पायरी ७: आधी थोड्यावर करा आणि नीट हाताळा

पहिल्या वर्षी चार-पाच वाफ्यांपुरताच पेपर घ्या. शेजारच्या वाफ्यांवर नेहमीचं प्लास्टिक ठेवा. पीक, पाणी, खत सारखं.

रोल थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी उभा ठेवा आणि गेल्या-सरत्या वर्षीचा उरलेला माल घेऊ नका. हा पेपर साठवणीतही जुना होतो. लागवडीच्या तोंडावरच अंथरा. पंधरा दिवस आधी अंथरलात तर त्याच्या आयुष्यातले पंधरा दिवस वाया गेले. प्लास्टिकसारखा ताणून बसवू नका. यंत्राने अंथरत असाल तर ताण कमी करा, कारण ताणलेला पेपर पातळ होतो आणि तिथूनच लवकर फाटतो. वाफ्यावर ढेकळं आणि काड्या ठेवू नका.

हंगामात दर आठवड्याला एक चक्कर मारा. किती ठिकाणी फाटला, तण काढायला किती वेळ गेला, दोन्ही प्रकारच्या वाफ्यांचा माल किती निघाला, ते तारखेसह लिहा. पीक संपलं की आधी लॅटरल ओढून घ्या, मग झाडांसकट पेपर रोटाव्हेटरने मातीत मिसळा. माती ओलसर आणि उबदार असताना हे केलं तर कुजणं लवकर सुरू होतं. पेपर वरच पडून राहिला तर वाळतो, वाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि विनाकारण वाद होतात.

पुढच्या पिकाची मशागत करण्याआधी त्या वाफ्यांत तीन-चार जागी एक-एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा, वीतभर खोल माती चाळा आणि सापडलेले पेपरचे तुकडे मोजा. शेजारच्या प्लास्टिकच्या वाफ्यांतही तेच करा. दोन्ही आकडे चार रकान्यांच्या त्याच पानावर, तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजायचं आहे.